सलग १११ मिनिटे : ‘सी.आय.डी.’चा एक भाग आणि ‘कट’चा अर्थ

७ नोव्हेंबर २००४ रोजी सोनी वाहिनीवर ‘सी.आय.डी.’ या मालिकेचा ‘द इनहेरिटन्स’ हा विशेष भाग दाखवण्यात आला. त्याचे चित्रीकरण ८ ऑक्टोबर २००४ रोजी लोणावळ्यात झाले होते. भागाची लांबी १११ मिनिटे, आणि या १११ मिनिटांत कट एकही नाही. कॅमेरा एकदा सुरू झाला तो गोष्ट संपल्यावरच थांबला. गिनीज आणि लिम्का या दोन्ही विक्रम-पुस्तकांनी त्याची नोंद घेतली.

विक्रमाच्या पुस्तकाला एवढे पुरते. माध्यमांचा किंवा कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र या भागातून एक प्रश्न मिळतो. पोलीस मालिकेत कट नेमके कोणते काम करतो? आणि तो काढून घेतला तर गोष्टीचे, तपासाचे आणि ‘हे खरे आहे’ या दाव्याचे काय होते? हा प्रश्न आता पडद्यापुरता राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. म्हणजे कट हा विषय संकलकाच्या टेबलावरून न्यायालयात पोहोचला आहे. या पाठात आपण आधी मालिकेकडे, मग कटकडे आणि शेवटी न्यायालयाकडे जाणार आहोत. वाटेत बराच वेळ बेंगळुरूला थांबावे लागेल.

मालिका आणि तिची मराठी पूर्वपीठिका

‘सी.आय.डी.’चा पहिला भाग २१ जानेवारी १९९८ रोजी दाखवला गेला. पहिले पर्व १५४७ भागांनंतर २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली. ए.सी.पी. प्रद्युमन (शिवाजी साटम), अभिजीत (आदित्य श्रीवास्तव), दया (दयानंद शेट्टी) आणि प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे (नरेंद्र गुप्ता) ही माणसे दोन दशके घराघरांत वावरली. मालिकेचे कर्ते बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. त्यांची कामाची सुरुवात मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन म्हणून झाली. हा तपशील लक्षात ठेवावा. बातमीच्या चित्रणात ‘पुन्हा एकदा’ असे म्हणता येत नाही. मिरवणूक निघून जाते, पाहुणा गाडीत बसतो. ही सवय अंगात मुरलेला माणूस पुढे १११ मिनिटांच्या सलग चित्रणाला हात घालतो, यात मला फारसे आश्चर्य वाटत नाही.

‘सी.आय.डी.’च्या आधी सिंग आणि साटम यांनी एकत्र केलेली मालिका मराठी होती. तिचे नाव ‘एक शून्य शून्य’. पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक हेच तिचे शीर्षक होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ती मुंबई दूरदर्शनवरून दाखवली जाई आणि तिच्या गोष्टी मुंबई पोलिसांनी तपासलेल्या खऱ्या गुन्ह्यांवर आधारलेल्या असत. हिंदी पोलीस मालिकेचा जो साचा पुढे देशभर रुळला, त्याची तालीम अशी मराठीत झाली होती. शिवाजी साटम हे बँकेत रोखपाल होते आणि आंतरबँक नाट्यस्पर्धांमधून रंगभूमीवर आले. रंगभूमीवरच्या नटाला दोन तासांचा मजकूर तोंडपाठ ठेवण्याची, सहनट अडखळला तर सावरून घेण्याची सवय असते. सलग चित्रणात हेच उपयोगी पडते.

मालिकेच्या नावाविषयी थोडे. राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग, म्हणजे खराखुरा सी.आय.डी., महाराष्ट्रात पुण्याहून चालतो. कर्नाटकात त्याचे मुख्यालय बेंगळुरूच्या पॅलेस रोडवर कार्लटन हाउस या इमारतीत आहे. राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यातले गुंतागुंतीचे गुन्हे तपासासाठी त्याच्याकडे सोपवले जातात. मुंबई शहरातल्या खुनाचा तपास एरवी स्थानिक पोलीस ठाणे किंवा आयुक्तालयाची गुन्हे शाखा करते. तरी मालिकेचे नाव अगदीच चुकले असे म्हणता येत नाही, कारण मुंबईच्या गुन्हे शाखेच्या कागदपत्रांवर ‘डी.सी.बी., सी.आय.डी.’ अशी अक्षरे असतातच.

कट दोन प्रकारचा असतो

एक शॉट संपतो आणि दुसरा सुरू होतो, त्या सांध्याला कट म्हणतात. ही व्याख्या बरोबर आहे, पण अपुरी आहे. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवरचा क्रिकेट सामना घरी बसून पाहताना दर षटकात कितीतरी कट होतात: गोलंदाजाचा चेहरा, मग खेळपट्टी, मग सीमारेषा, मग प्रेक्षक. तरीही सामन्यातला वेळ तुटत नाही. पुनर्दर्शनाचे क्षण सोडले तर स्टेडियमवरचे घड्याळ आणि आपल्या भिंतीवरचे घड्याळ बरोबर चालतात. येथे बदलते ती जागा. याला आपण स्थळाचा कट म्हणू. दूरदर्शनच्या स्टुडिओत तीन कॅमेऱ्यांनी चित्रित होणारी जुनी नाटके याच प्रकारातली. ब्रिटनमधली ‘झेड कार्स’ ही १९६२ साली सुरू झालेली पोलीस मालिकाही सुरुवातीची काही वर्षे थेट प्रक्षेपित होत असे.

दुसरा प्रकार काळाच्या कटाचा. यात दोन शॉटांच्या मध्ये वेळ गिळला जातो. पोलीस मालिका चालते ती याच्या बळावर. डॉ. साळुंखे मृतदेहाजवळ वाकून कापसाने काहीतरी टिपतात. पुढच्याच शॉटमध्ये ते प्रयोगशाळेत उभे असतात आणि त्यांच्या हातात निष्कर्ष असतो. या दोन शॉटांच्या फटीत काय गेले ते पाहा. पंच बोलावणे, पंचनामा लिहिणे, नमुना पाकिटात घालून त्यावर लाखेचे सील करणे, पंचांच्या सह्या घेणे, मुद्देमाल नोंदवहीत नोंद करणे, प्रयोगशाळेला पत्र तयार करणे, ते पाकीट घेऊन शिपायाने जाणे, तिथे पोच घेणे, आणि मग वाट पाहणे. प्रत्यक्ष तपासाचा बहुतेक भाग या फटीत राहतो. बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत हल्ला करतो तोही नेमका इथेच: पाकीट दोन दिवस कोणाच्या ताब्यात होते? सील कोणाचे होते? नोंदवहीतली वेळ आणि पत्रावरची तारीख जुळत का नाही? मालिकेने जे कंटाळवाणे म्हणून कापले, त्यावरच खटला उभा राहतो किंवा पडतो.

यात मालिकेला दोष देण्याचे कारण नाही. वाट पाहणे कोणी दाखवत नाही. पण प्रेक्षकाने हजारो वेळा हा कट पाहिला की ‘रिपोर्ट लगेच येतो’ हे त्याच्या मनात ठसते, आणि उशीर झाला की त्याला त्यामागे फक्त ढिलाई किंवा लाचखोरी दिसते. कधी ती असतेही. अनेकदा मात्र तो नुसता खरा वेळ असतो.

सलग चित्रणाची किंमत

चित्रपटाच्या फिल्मवर १११ मिनिटे सलग चित्रण करणे शक्यच नव्हते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात आणि सेकंदाला २४ चौकटी लागतात. कॅमेऱ्यात साधारणपणे १००० फुटांचे रीळ बसते. हिशेब करून पाहा: १६,००० चौकटी भागिले २४, म्हणजे ६६६ सेकंद, म्हणजे ११ मिनिटे आणि थोडे. आल्फ्रेड हिचकॉकने १९४८ साली ‘रोप’ हा चित्रपट सलग भासावा असा केला, तेव्हा त्याला याच भिंतीवर डोके आपटावे लागले. रीळ संपत आले की कॅमेरा एखाद्या पात्राच्या पाठीजवळ न्यायचा, पडदा काळा करायचा आणि नव्या रिळाने तिथूनच पुढे जायचे, अशी युक्ती त्याने काही ठिकाणी वापरली. कट होते, पण लपवलेले.

व्हिडिओने ही भिंत पाडली. २००२ साली आलेला अलेक्सांद्र सोकुरोव यांचा ‘रशियन आर्क’ हा चित्रपट सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात एका दमात चित्रित झाला. छायालेखक टिलमान ब्यूटनर यांनी कॅमेरा अंगावर बांधून सुमारे दीड तास चालत चालत हे चित्रण केले आणि चौथ्या प्रयत्नात ते साधले. ‘सी.आय.डी.’चा भाग त्यानंतर दोनच वर्षांनी आला. एका बाजूला राजवाडा, वाद्यवृंद आणि शेकडो कलाकार. दुसऱ्या बाजूला दर आठवड्याला नवा गुन्हा उकलून दाखवणारी, ठरलेल्या खर्चात चालणारी टीव्ही मालिका. मला या दोहोंत दुसरे धाडस अधिक लोभस वाटते, कारण त्यांना पुढच्या आठवड्याचा भागही द्यायचा होता.

असे चित्रण म्हणजे काय, हे ज्याने कॅमेरा हाताळला नाही त्याला पटकन कळत नाही. नाटकात प्रेक्षक एका बाजूला असतो. विंगेत दिवे, दोऱ्या, प्रॉम्प्टर, चहाचा कप, सगळे दडवता येते. फिरत्या कॅमेऱ्याला विंग नसते. तो वळला की मागची भिंत पुढची होते. मग दिवे लपवायचे कुठे, ध्वनिमुद्रकाने उभे राहायचे कुठे, वायर कोणी ओढायची, खोलीतून बाहेरच्या उजेडात जाताना प्रकाश कोणी सांभाळायचा, या सगळ्याची उत्तरे आधी ठरवावी लागतात. कॅमेऱ्यामागे चालणाऱ्या माणसांचीही एक वेगळी तालीम होते.

चुकीची किंमतही सारखी राहत नाही. तिसऱ्या मिनिटाला नट अडखळला तर तीन मिनिटे वाया जातात. १०५ व्या मिनिटाला अडखळला तर १०५ मिनिटे वाया जातात, आणि सगळे दमलेले असताना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून सलग चित्रणात शेवटचे वाक्य ज्याच्या वाट्याला येते त्याच्यावर सर्वांत मोठे ओझे असते. पोलीस मालिकेत ते वाक्य बहुधा गुन्हेगाराचे किंवा तपास अधिकाऱ्याचे असते.

कट गेला की गोष्ट बदलते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. काळाचा कट बंद केला की लेखकाच्या हातातली कोणती साधने जातात? प्रयोगशाळेचा अहवाल जातो, कारण तो १११ मिनिटांत येऊ शकत नाही. दुसऱ्या शहरात जाऊन केलेली चौकशी जाते. पाळत ठेवणे, बँकेची कागदपत्रे मागवणे, जुना साक्षीदार शोधणे, हेही जाते. उरते काय? एक बंदिस्त जागा, तिच्यात असलेली माणसे, तिथे सापडणाऱ्या वस्तू, आणि बोलणे. ‘वारसा’ हे शीर्षक या दृष्टीने नेमके आहे. वारशाच्या गोष्टीत सगळे संशयित नात्यातले असतात, हेतू आधीच माहीत असतो आणि माणसे एका छपराखाली आणता येतात. बंद घरातल्या खुनाचा हा जुना साचा रहस्यनाटकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला, कारण रंगभूमीलाही काळाचा कट सहज जमत नाही.

पुरावा गोळा करायला वेळ नसेल तर तपासाचे वजन प्रश्नोत्तरांवर येते, आणि प्रश्नोत्तरांचा नाट्यमय शेवट एकच: कबुली. एरवीच्या भागांतही कबुली असतेच. प्रद्युमन बोट नाचवत आरोप ठेवतात, दयाची एक थप्पड बसते आणि गुन्हेगार सगळे सांगून टाकतो. मग त्याला फाशी होणार हेही तिथेच जाहीर होते. न्यायाधीश, वकील, अपील, सगळे त्या शेवटच्या कटनंतरच्या अंधारात.

कायदा याच्या बरोबर उलट दिशेने चालतो. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. कलम २६ नुसार पोलीस कोठडीत असताना दिलेली कबुलीही दंडाधिकाऱ्यासमक्ष दिलेली नसेल तर चालत नसे. हाच नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्ये आहे. ब्रिटिशांनी स्वतः उभारलेल्या पोलीस खात्यावर त्यांच्याच कायद्याने ठेवलेला हा अविश्वास आहे. कोठडीत कबुली कशी मिळते, हे १८७२ सालीही ठाऊक होते.

याला एक मर्यादित अपवाद आहे. आरोपीने सांगितले की ‘सुरा मी विहिरीजवळच्या आंब्याखाली पुरला’, आणि त्या माहितीवरून सुरा खरोखरच तिथे सापडला, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. ‘त्या सुऱ्याने मी खून केला’ हा भाग येत नाही. जुन्या अधिनियमाचे कलम २७ ते हेच. विद्यार्थ्यांचा येथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून वाक्य दोन तुकड्यांत लिहून पाहावे: वस्तू कुठे आहे हे सांगणारा तुकडा, आणि गुन्हा मान्य करणारा तुकडा. पहिला चालतो, दुसरा नाही.

मालिकेतल्या दाराचेही असेच आहे. दयाने दार तोडणे हा तर देशभराचा विनोद झाला. अटक करायच्या माणसाचा माग काढत पोलिसांना दार तोडता येते, पण आपण कोण आहोत, कशासाठी आलो आहोत हे सांगून प्रवेश मागितल्यावर आणि तो नाकारला गेल्यावरच. जुन्या दंड प्रक्रिया संहितेचे कलम ४७ आणि नव्या संहितेचे कलम ४४ हे सांगते. मालिकेत ही विनंती एखाद्या सेकंदात उरकते किंवा कटमध्ये जाते.

कायद्याला स्वतःची घड्याळे आहेत. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार आवश्यक आहे. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही घड्याळे कट घेत नाहीत. तपास अधिकाऱ्याला रात्री झोप लागू देत नाहीत ती हीच, डॉ. साळुंखेंचा उशीर नव्हे.

बेंगळुरू : कबुलीची प्रयोगशाळा

लोणावळ्यात कॅमेरा फिरण्याच्या सुमारे महिनाभर आधी, सप्टेंबर २००४ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने कोरमंगला पोलीस ठाण्याच्या एका प्रकरणात नार्को चाचणीला परवानगी देणारा निर्णय दिला. त्या काळात बेंगळुरू हे नार्को चाचण्यांचे देशातले प्रमुख केंद्र होते. मडिवाळा भागातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे नाव महाराष्ट्रातल्या आणि केरळातल्या बातम्यांत वारंवार येई. चाचणीत आरोपीला सोडियम पेंटोथालसारखे औषध शिरेतून देऊन अर्धवट गुंगीत ठेवतात आणि प्रश्न विचारतात. तिचे चित्रणही होते. कायद्याने कोठडीतल्या कबुलीचे दार बंद केले होते; येथे इंजेक्शनच्या सुईने एक खिडकी उघडली गेली.

बनावट मुद्रांक घोटाळ्यातला खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याची नार्को चाचणी बेंगळुरूत झाली. २००६ मध्ये तिची दृश्ये वृत्तवाहिन्यांवर झळकली. गुंगीतला माणूस अडखळत नावे घेतो आहे, खाली ठळक पट्टी फिरते आहे, आणि कोट्यवधी लोक घरी बसून ‘कबुली’ पाहत आहेत. पोलीस मालिकेचा शेवटचा प्रसंग आणि ही बातमी यांत प्रेक्षकाच्या दृष्टीने फरक कोणता राहिला? दोन्हींत माणूस बोलतो आणि आपल्याला वाटते की आता प्रकरण संपले.

कोरमंगल्याचे ते प्रकरण इतर अपिलांसह सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात न्यायालयाने सांगितले की नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग यांपैकी काहीही कोणाच्याही इच्छेविरुद्ध करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये हा अनुच्छेद २०(३) चा हक्क आणि अनुच्छेद २१ मधले व्यक्तिस्वातंत्र्य हे त्याचे आधार. संमतीने केलेल्या चाचणीचे निष्कर्षही थेट पुरावा ठरत नाहीत. तिच्या साहाय्याने पुढे सापडलेली वस्तू मात्र आंब्याखालच्या सुऱ्याच्या न्यायाने पुराव्यात येऊ शकते.

या सगळ्यात आपल्या विषयाला सर्वांत जवळचे प्रकरण सिस्टर अभया यांचे. केरळातल्या या मृत्युप्रकरणातील संशयितांच्या नार्को चाचण्या बेंगळुरूत झाल्या होत्या. त्या चाचण्यांच्या सीडी केरळ उच्च न्यायालयापुढे आल्या, तेव्हा त्यांत काटछाट केली आहे का, हाच प्रश्न उभा राहिला. संकलकाचे रोजचे काम तिथे संशयाचा विषय झाले. कुठे जोडले, का जोडले, मूळ कॅसेट कुठे आहे? मालिकेत कट ही कला असते. पुराव्यात कट म्हणजे कोणीतरी द्यायचे उत्तर.

सलग म्हणजे खरे का?

नव्या संहितेचे कलम १०५ सांगते की झडती आणि जप्तीची प्रक्रिया, जप्त वस्तूंची यादी करणे आणि साक्षीदारांच्या सह्या यांसह, दृकश्राव्य साधनाने, शक्यतो मोबाइल फोनवर, चित्रित करावी आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांबलचक अंक-अक्षरांचा ठसा. नंतर फाइलमधला एक क्षण जरी कापला तरी तो ठसा जुळत नाही.

मात्र कलम १०५ मध्ये ‘सलग’ असा शब्द नाही. आणि हॅश फक्त एवढेच सांगतो की फाइल तयार झाल्यानंतर बदललेली नाही. फाइल तयार होताना काय झाले, हे तो सांगत नाही. समजा, झडतीचे चित्रण चालू आहे. कपाट रिकामे दिसते. मग फोनची बॅटरी संपल्यामुळे चित्रण थांबते. सात मिनिटांनी दुसरी फाइल सुरू होते आणि त्याच कपाटात पिस्तूल आहे. दोन्ही फाइलींचे हॅश अचूक, दोन्ही प्रमाणपत्रे बरोबर. त्या सात मिनिटांचे काय? हा काळाचा कट आहे आणि तो कॅमेऱ्यातच झाला आहे. संकलकाचा येथे संबंधच नाही.

यावर ‘मग सगळे सलग चित्रित करा’ असे उत्तर सुचते. ते चांगले उत्तर आहे, पण त्याच्या मर्यादा लोणावळ्याचा भागच दाखवतो. त्या १११ मिनिटांत कट नाही. पण प्रत्येक वाक्य आधी लिहिलेले आहे, प्रत्येक हालचालीची तालीम झालेली आहे, आणि जो मेला तो चित्रीकरण आटोपल्यावर उठून चहा प्यायला आहे. सलग चित्रण एकाच गोष्टीची हमी देते: या दोन क्षणांमधला वेळ तुटलेला नाही. कॅमेरा सुरू होण्याआधी खोलीत कोण होते, चौकटीच्या बाहेर कोण उभे आहे, आरोपी कोणाकडे पाहून बोलतो आहे, याची हमी ते देत नाही. उलट सलगतेमुळे प्रेक्षकाचा विश्वास वाढतो आणि तो चौकटीबाहेरचे प्रश्न विचारायचे विसरतो. ‘आम्ही काहीच कापलेले नाही’ हे वाक्य म्हणूनच काळजीपूर्वक ऐकावे.

पाहण्याचा सराव

‘सी.आय.डी.’चा कोणताही साधा भाग निवडा आणि कागदावर दोन स्तंभ आखा. एका स्तंभात स्थळाच्या कटांची खूण करा, दुसऱ्यात काळाच्या. काळाच्या प्रत्येक कटासमोर प्रत्यक्षात किती वेळ गेला असेल याचा अंदाज लिहा आणि त्या वेळात कोणता कागद तयार व्हायला हवा होता तेही लिहा: पंचनामा, मुद्देमाल नोंद, अटकेची माहिती नातेवाइकांना, दंडाधिकाऱ्यापुढे हजेरी. शेवटची कबुली दोन तुकड्यांत लिहून त्यातला कोणता तुकडा न्यायालयात टिकेल ते ठरवा.

त्यानंतर वसतिगृहाच्या एका खोलीत, त्या खोलीत राहणाऱ्या मित्राची परवानगी घेऊन, लपवलेली एक किल्ली शोधण्याचे दहा मिनिटांचे सलग चित्रण मोबाइलवर करा. दोघे पंच नेमा, यादी करा, सह्या घ्या, आणि हे सगळे चौकटीत येईल असे पाहा. दहा मिनिटे कॅमेरा न थांबवता हात किती दुखतो ते कळेल. मग ती फाइल दुसऱ्या गटाला द्या. त्यांचे काम एकच: किल्ली आधीपासून तिथे होती, की शोधणाऱ्याने तिथे ठेवली, हे फक्त चित्रणावरून सांगता येते का, ते तपासणे.